बुधवारची टाचणी

१

सत्त्याऐंशी. त्यानंतर एकोणनव्वद.

वर्ना क्विस्टने उजवा डोळा मिटून पाहिलं, मग डावा मिटून पाहिलं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू गेल्या बुधवारी काढला होता. त्या डोळ्याने जग निळसर आणि नुकतंच धुतल्यासारखं दिसे. डाव्याने तेच जग पिवळट, कॉफीत बुडवून काढलेलं. पाच दिवस ती हाच खेळ खेळत होती आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तिला त्यात भलतीच मजा येत होती. पण या वहीच्या बाबतीत दोन्ही डोळ्यांचं एकमत झालं. अठ्ठ्याऐंशी नंबरचं पान वहीत नव्हतं.

शिवणीजवळ बोट फिरवल्यावर कागदाची बारीक कड लागली. पान फाडलेलं नव्हतं. कोणीतरी पट्टी लावून, पात्याने, अगदी सावकाश कापलं होतं.

खिडकीबाहेर धुकं होतं. मार्च संपत आला की टॅमरॅक काउंटीत आठ-आठ दिवस असं धुकं बसे. तळ्यावरचा बर्फ वरून विरघळू लागे आणि मधूनच आतून लांब हुंकार देई. गावातली माणसं त्या आवाजाकडे मान वळवत नसत, पण बोलता बोलता क्षणभर थांबत.

लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला या काउंटीत राहायचं तर शेरिफच्या कचेरीत नाव, फोटो, बोटांचे ठसे आणि पत्ता नोंदवावा लागे. पत्ता बदलला की तीन दिवसांत येऊन सांगावं लागे. शाळेपासून हजार फुटांच्या आत त्याला मुक्काम करता येत नसे. ज्याला घरच नाही त्याने दर बुधवारी हजर व्हायचं, कुठे झोपलो ते वहीत लिहून सही करायची, आणि भिंतीवरच्या नकाशात आपली टाचणी आपल्या हाताने त्या जागी खोचायची. टाचणीची पद्धत कायद्यात नव्हती. ती ही वही सांभाळणाऱ्या वर्नाने बावीस वर्षांपूर्वी सुरू केली होती. कागदावर माणूस सहज खोटं लिहितो, पण नकाशात टाचणी खोचताना त्याचा हात अडखळतो, असं तिचं मत होतं.

एक बुधवार चुकला तर काही महिने आत. दुसऱ्यांदा चुकला तर पाच वर्षं.

या हिवाळ्यात वहीत एकच माणूस होता, लॉयड पेल्टो, वय एकसष्ट. शिक्षा भोगून तो आयुष्यभर बाहेरगावी राहिला आणि आई गेल्यावर तीन वर्षांपूर्वी गावी परतला, तेव्हापासून त्याला कोणी खोली दिली नव्हती. एकदा एक बुधवार चुकवून त्याने आठ महिने भोगलेही होते. आता तो पुन्हा खालच्या कोठडीत होता, कारण गेल्या बुधवारी, एकोणीस मार्चला, तो आलाच नाही असं वही म्हणत होती. उद्या सकाळी नऊला त्याला न्यायाधीशापुढे उभं करायचं होतं.

वही तसं म्हणत नव्हती. कोणीतरी वहीची जीभच कापली होती, आणि वही वर्नाची होती.

२

"पानांचे नंबर कोण बघतं, वर्ना?" डेप्युटी रोझालिन बेक म्हणाली. वर्ना रजेवर असताना नोंदणीची खिडकी तिने सांभाळली होती.

"मी बघते."

"मी पाहिलं तेव्हा सत्त्याऐंशीवर बारा मार्चची सही होती, पुढचं पान कोरं. आला नाही म्हणजे आला नाही."

"बुधवारी दिवसभर खिडकीवर तूच होतीस?"

"नऊ ते दहा होते. मग मर्ल टिकनरच्या धक्क्यापाशी कोणाचा तरी ट्रक बर्फातून खाली गेला. दरवर्षी एक तरी शहाणा मार्चमध्ये तळ्यावर गाडी घालतोच. एकला परत आले. तोवर शेरिफ बसले होते. म्हणाले, चिटपाखरू फिरकलं नाही."

"आणि वही कधी उघडलीस?"

"शुक्रवारी. सकाळी मर्ल तावातावाने आला, पेल्टो गायब झालाय म्हणून. बरोबर वर्तमानपत्रवाली बाई. शेरिफ मला म्हणाले, जेवून आलीस की वही बघ. जेवून आले, बघितली. शनिवारी त्याला दलदलीपलीकडच्या शिकाऱ्यांच्या झोपडीत पकडला. सूप गरम करत होता. पळाला नाही, भांडला नाही. कोट घेऊ का, एवढंच विचारलं."

तेवढ्यात शेरिफ हार्लन ओस्बी दारात येऊन उभा राहिला. मोठा, मऊ माणूस. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून त्याच्या तोंडात डोनटऐवजी काडी असे आणि ती तो दुःखाने चघळे. नोव्हेंबरात शेरिफपदाची निवडणूक होती आणि मर्ल टिकनरचा धाकटा भाऊ त्याच्याविरुद्ध उभा राहणार होता.

वर्नाने त्याला कापलेली कड दाखवली.

"उंदीर," हार्लन म्हणाला.

"पट्टी लावून कुरतडणारा?"

"वर्ना, तुझा डोळा अजून ओला आहे. घरी जा, पड जरा. उद्या नऊनंतर शांतपणे बघू."

"उद्या नऊनंतर तो पाच वर्षांसाठी जाईल."

"गाव काही रडणार नाही."

ते खरंच होतं. वर्नाही रडणार नव्हती. तीन वर्षांत तिने लॉयड पेल्टोला एकदाही कॉफी विचारली नव्हती, आणि तो गेला की खिडकीची फळी पुसून घ्यायची तिला सवय होती. पण न केलेल्या गुन्ह्यासाठी माणूस आत जाणार असेल तर ही वही ठेवायची कशाला, हे तिला कळेना. समोरच्या बालवाडीची मधली सुट्टी झाली. रस्त्यापलीकडून मुलांचे आवाज आले, मुलं मात्र धुक्यात दिसत नव्हती.

"या खोलीच्या किल्ल्या किती?" तिने विचारलं.

"चार," रोझालिन बोटं मोजत म्हणाली. "तुमची, माझी, शेरिफची." मग ती थांबली. "आणि बॉयलरसाठी एक, बर्फ लोटणाऱ्या ट्रकच्या शेडमध्ये."

त्या शेडची किल्ली आर्डिस नॉर्डलकडे असे. आर्डिस दहा वर्षांची असताना लॉयड पेल्टोने तिच्या बाबतीत जे केलं, त्याचीच शिक्षा त्याने भोगली होती.

३

तळघरातल्या कोठडीत लॉयड खाटेच्या कडेवर बसला होता. वर्ना आली तसा उठून उभा राहिला.

"आलो होतो, बाई," तो म्हणाला. "बुधवारी. अकरा वाजता."

"मग सांग, कुठे झोपला होतास? सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मासेमारीची खोपटी तळ्याच्या बर्फावरून काढायची होती. तू हिवाळाभर खोपट्यात होतास. मग मंगळवारी कुठे?"

"वहीत लिहिलंय."

"वहीत ते पान नाही."

लॉयड आपल्या हातांकडे बघत राहिला. मासे साफ करून करून त्याच्या बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या.

"मग नसेल," तो म्हणाला.

"अरे, पाच वर्षं जाशील. तुझं वय काय, तू बोलतोस काय."

"शब्द दिलाय, बाई. माझ्याकडून शब्द घ्यावा असं आजवर फार कोणाला वाटलं नाही. एकाला वाटलं. तेवढा पाळू द्या."

यापुढे तो मूग गिळून बसला. जिन्यावर वर्नाला टिली माकी भेटली, तुरुंगाची स्वयंपाकीण, हातात रिकाम्या वाडग्यांची चळत.

"तुझा नवा डोळा कसा गं?" टिली म्हणाली. "त्याने त्या पेल्टोकडे नीट बघून घे. शनिवारी आला आणि रविवारी सकाळी पहिल्याच वाडग्याला मला विचारतो, आज तपकिरी साखर नाही का? जसा काही रोजचा गिऱ्हाईक. अगं, कैद्यांच्या लापशीत मी तपकिरी साखर कधी घातली आहे?"

४

मर्ल टिकनर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. धक्क्यावर त्याचं गळ आणि आमिषाचं दुकान होतं, आत गांडुळांचे डबे आणि जळकी कॉफी यांचा मिसळलेला वास. बाहेर दीड-दोनशे खोपटी ओळीने उभी होती, आणि धुक्यात ती रिकाम्या गावासारखी दिसत होती. दूर बर्फावर एक लाल पिंप होतं. ते ज्या दिवशी बुडेल तो दिवस ओळखायची पैज सगळ्या काउंटीत लागली होती.

"पान मी कापलं म्हणतेस?" मर्ल खुशीत हसला. "मला सुचलं असतं तर तीन वर्षांपूर्वीच कापलं असतं. मी कचेरीत मागच्या खोलीत पाऊलही टाकलेलं नाही, विचार रोझालिनला."

"सोमवारी संध्याकाळी लॉयड इथे होता?"

"होता. खोपटं ओढत आणलं. मी म्हटलं, खोपटं राहू दे, तू राहायचं नाहीस. पाऊस आणि बर्फ एकदम पडत होते. तो त्या दिव्याच्या खांबाखाली उभा राहिला. तासभर तरी. कुत्र्यालासुद्धा तेवढा वेळ बाहेर ठेवू नये, पण मी ठेवलं. मग एक गाडी आली, तो बसला, गेला."

"कोणाची गाडी?"

"धुक्यात काय दिसणार, कप्पाळ? टपावरचा दिवा दिसला तेवढा. पिवळा."

वर्नाच्या हातातली कॉफी तशीच राहिली. टपावर पिवळा दिवा असलेली गाडी सगळ्या काउंटीत एकच होती, बर्फ लोटायचा ट्रक. तो चालवत होती आर्डिस नॉर्डल.

५

आर्डिस शेडमध्ये ट्रकच्या फाळाला ग्रीस लावत होती. चव्वेचाळीस वर्षांची, रुंद खांद्यांची. काउंटीतला प्रत्येक रस्ता तिला पाठ होता, कारण बर्फ पडल्यावर त्यावरून पहिली तीच जाई.

"सोमवारी?" ती म्हणाली. "सोमवार ते गुरुवार माझा ट्रक गॅरेजात उघडा पडला होता. पंप गेला होता. विचार तिकडे. आणि त्या माणसाला मी गाडीत घेईन, असं तुला वाटलं? माझी किल्ली घेऊन पान कापेन, असंही वाटलं असेल."

"वाटलं," वर्ना म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं.

आर्डिसने फडक्याला हात पुसले. तिला राग आला नव्हता, आणि त्यामुळे वर्नाला जास्तच लाज वाटली.

"वर्ना, दर बुधवारी बारा वाजता मी तुला काय विचारते?"

"कुठे आहे तो."

"आणि तू सांगतेस. खोपट्यात, तळ्याच्या पश्चिमेला. किंवा खाणीजवळ, व्हॅनमध्ये. मग मी त्या आठवड्यात त्या बाजूला ट्रक थांबवत नाही, कुत्र्याला तिकडे नेत नाही. त्या पानावर माझा आठवडा चालतो. ते पान मी कापेन? माझंच?"

शेडच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं.

"गेल्या बुधवारी मी रजेवर होते," वर्ना म्हणाली. "तेव्हा कोणी उचलला फोन?"

"उचलला कोणीतरी. पुरुषाचा आवाज होता. मी नेहमीचं विचारलं, तर म्हणाला, तो भिंतीआड आहे, आर्डिस, आज निवांत झोप." आर्डिसचा आवाज मऊ झाला. "आणि मी झोपले. नऊ तास. मध्ये उठून दार तपासलं नाही, खिडकी तपासली नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. स्वप्नात नुसतं पाणी होतं, ऊन पडलेलं."

लॉयड पेल्टोला पकडलं ते शनिवारी. बुधवारी तो कोणत्या भिंतीआड होता?

६

कचेरीच्या आवारात शेरिफची गाडी उभी होती. रोझालिन तिच्या टपावरचा झोताचा दिवा धुक्यात लावून बघत होती. वर्ना पायऱ्या चढता चढता थांबली. सवयीने तिने डावा डोळा मिटला. दिवा पांढराशुभ्र, किंचित निळा. मग तिने उजवा मिटला.

दिवा पिवळा झाला.

ती तिथेच उभी राहिली. मर्ल टिकनरचे दोन्ही डोळे तिच्या डाव्या डोळ्यासारखेच होते. डॉक्टरांचं नाव काढलं की तो शिव्या देई आणि बायकोला भाव वाचायला लावी. त्याला जगातला प्रत्येक पांढरा दिवा पिवळाच दिसत असणार.

मागच्या खोलीत येऊन ती नकाशापुढे उभी राहिली. लॉयडची हिरवी टाचणी तळ्यातच होती, पश्चिमेला, हिवाळाभर होती तिथेच. बुधवारी तो आलाच नाही तर ती तिथेच असायला हवी, हे बरोबर. पण वर्नाने नवा डोळा अगदी जवळ नेला. टाचणीच्या शेजारी, केसाएवढ्या अंतरावर, दुसरं भोक होतं, रिकामं. टाचणी एकदा निघाली होती. कुठेतरी जाऊन परत आली होती, आणि परत येताना स्वतःचंच भोक चुकली होती.

तिने चारही कोपरे सोडवले आणि नकाशा खिडकीला धरला.

धुक्याआडून दुपारचा उजेड येत होता. तो प्रत्येक भोकातून आत आला. बावीस वर्षांचे बुधवार एकदम उजळले. खाणीपाशी दाट, रेल्वेच्या पुलाखाली दाट, दलदलीच्या कडेने विरळ, तळ्यात झुबका. कुठे कुठे झोपली होती ही माणसं. ती या काउंटीत कोणालाच नको होती, वर्नालाही नको होती, आणि तरी त्यांच्या झोपेच्या जागा चांदण्यांसारख्या दिसत होत्या. वर्ना बघत राहिली. आपण काय शोधतोय तेच ती क्षणभर विसरली.

मग तिला ते दिसलं. गावाच्या मधोमध, 'तुम्ही इथे आहात' असं सांगणारी जी लाल चांदणी तिने स्वतः चिकटवली होती, तिच्या बरोबर पोटात एक भोक होतं. खोल, अंगठ्याने दाबलेलं. तिथे कोणी कधी टाचणी खोचली नव्हती. खोचणार कोण? ती चांदणी म्हणजे हीच इमारत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

ती जिना उतरून थेट स्वयंपाकघरात गेली. "टिली, गेल्या आठवड्यात तपकिरी साखर कोणाला दिलीस?"

"शेरिफला," टिली म्हणाली. "मंगळवार, बुधवार, गुरुवार. कैदी चार आणि वाडगे पाच. पाचवा माझा, म्हणाले, वर साखर जरा सढळ हाताने घाल. मी म्हटलं, डॉक्टर तुम्हाला मारतील. पण वाडगा परत आला तो चाटूनपुसून."

७

हार्लनने दार लावून घेतलं. वर्नाने गाडीचा दिवा, दुसरं भोक, चांदणी आणि पाचवा वाडगा, सगळं ओळीने मांडलं. हार्लनने काडी तोंडातून काढून टेबलावर ठेवली.

"भिजून चिंब झाला होता," शेवटी तो म्हणाला. "मर्लच्या दाराशी. मी काय करायला हवं होतं? दवाखाना घेईना, चर्चच्या तळघरात मुलांचं गाणं. कोपऱ्यातली कोठडी रिकामी होती. म्हटलं, तीन रात्री झोप, हवा निवळली की जा. तो म्हणाला, बुधवारी मला लिहावं लागेल. मी म्हटलं, लिही ना, खरं ते लिही."

"इथवर तू चांगलाच वागलास."

"शुक्रवारी मर्ल आला, वर्तमानपत्रवालीला घेऊन. ती टेबलाशी उभी असताना माझी नजर खिडकीबाहेर गेली." हार्लनने मान वळवली. रस्त्यापलीकडे धुक्यात बालवाडीचा झोपाळा कुरकुरत होता. "तीनशे फूटसुद्धा नाही. नोंदीतल्या माणसाला शाळेसमोर मुक्काम करायला लावला तो खुद्द शेरिफने, काउंटीच्या पांघरुणात. नोव्हेंबरात मला पाच मतंसुद्धा पडली नसती. जेवायच्या सुट्टीत पान कापलं. टाचणी परत तळ्यात लावली. लॉयडला आधीच सांगून ठेवलं होतं, कोणाला बोलू नकोस. मला वाटलं, चौकशी थंडावेल. मग रोझालिनने कागद केले आणि गाडं सुटलं."

"तर मग उद्या उभा राहा आणि सांग."

"पान जाळलं मी, वर्ना." तो हळू बोलत होता, समजूत घातल्यासारखा. "भोक म्हणजे नुसतं भोक. लापशी मी खाल्ली. तू त्या दिवशी डोळ्यावर पट्टी बांधून दवाखान्यात होतीस. आणि लॉयड पेल्टोच्या बाजूने या गावात साक्ष देणार कोण?"

कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि आता कुंपण तिच्याकडे दयेने बघत होतं. वर्ना उठली. साक्ष कोण देऊ शकेल ते तिला ठाऊक होतं. बुधवारी बाराला फोनवर एक वाक्य ऐकलेली बाई. पण ते तिच्याकडून मागायचं तर आधी तिची ती एक झोप काढून घ्यावी लागणार होती.

८

आर्डिस ट्रकच्या पायरीवर बसून सँडविच खात होती. वर्ना तिच्या शेजारी बसली आणि पाल्हाळ न लावता तिने सगळं सांगितलं. आर्डिसने सँडविच परत कागदात गुंडाळलं, नीट, चारही बाजूंनी.

"भिंतीआड," ती म्हणाली.

"हो."

"कुलूप होतं?"

वर्नाला वाटलं, एवढं एकच खोटं आयुष्यात बोलून टाकावं. "नव्हतं. तो कैदी नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं."

आर्डिसने शेडच्या दारातून पाहिलं. धुक्यापलीकडे कचेरीची मागची भिंत होती, ऐंशी-नव्वद पावलांवर. शेडच्या माडीवर तिची खोली होती.

"तिथून इथे," ती म्हणाली. "आणि मी खिडकी उघडी टाकून झोपले."

वर्नाने तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मागे घेतला. आर्डिसला विचारल्याशिवाय हात लावलेला चालत नसे. थोड्या वेळाने वर्ना निघाली. साक्षीला ये, असं ती म्हणालीच नाही. तेवढा अधिकार आपल्याला नाही, हे तिला कळत होतं.

मंगळवारी नऊ वाजता कोर्टात दहा-बारा माणसं होती. मर्ल पुढच्या बाकावर. लॉयड नारिंगी कपड्यांत, मान खाली. वर्नाने वही आणि नकाशा पुढे मांडला आणि नंबर दाखवले. न्यायाधीशबाईंनी चष्मा वर करून नकाशातल्या भोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाई, पान कापलं गेलं, हे मान्य. पण आरोपी बुधवारी इथे होता असं सांगणारं कोणी आहे?"

कोणी खोकलं. मग मागचं दार उघडलं आणि ग्रीसच्या वासासकट आर्डिस नॉर्डल आत आली. लॉयडने वर बघितलं आणि लगेच भिंतीकडे तोंड केलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. सगळा वेळ ती शेरिफकडे बघत होती.

"बुधवारी बारा वाजता मी कचेरीत फोन केला," ती म्हणाली. "तो कुठे आहे असं विचारलं. शेरिफ ओस्बी म्हणाले, भिंतीआड आहे, निवांत झोप. म्हणजे तो कुठे आहे ते शेरिफना माहीत होतं. त्याने सांगितलं होतं म्हणून माहीत होतं."

"हे तुम्ही याच्यासाठी सांगताय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. त्यांनी जुने कागद वाचलेले होते, आणि त्यांचा आवाज जपून येत होता.

"याच्यासाठी?" आर्डिस म्हणाली. "हा जन्मभर आत राहिला तरी मला चालेल. पण ती वही माझी आहे. सगळ्यांनी मला सांगितलं, विसर, बरं वाटेल. मला फक्त त्या वहीने बरं वाटतं, कारण तिच्यात खरं असतं. त्यात एकदा माझ्या भल्यासाठी खोटं घातलं, की मग मी कोणत्या रात्री झोपायचं?"

न्यायाधीशबाईंनी शेरिफकडे पाहिलं. हार्लन ओस्बी उठला. त्याला कानावर हात ठेवता आले असते. समोर बाई एकटी होती आणि पान जळालेलं होतं. त्याने टोपी काढली, बाकावर ठेवली आणि छातीवरचा बिल्ला काढून टोपीत टाकला.

"ती म्हणते ते खरं आहे," तो म्हणाला. "आणि ते मी तिच्या भल्यासाठीसुद्धा म्हटलं नव्हतं. फोन ठेवायची घाई होती."

लॉयड दुपारी सुटला. धुकं उठलं होतं. पायऱ्यांवर वर्ना त्याला म्हणाली, "उद्या बुधवार आहे." तो म्हणाला, "येतो, बाई." तिने कॉफी विचारली नाही, तोही थांबला नाही.

बुधवारी साडेदहाला तो आला. शिकाऱ्यांची झोपडी, दलदलीपलीकडे. त्याने सही केली आणि अंगठ्याने टाचणी खोचली. वर्नाने खिडकीची फळी पुसली. त्याच सुमाराला तळ्यावरचं लाल पिंप बुडालं आणि रस्त्यावर कोणाची तरी आरोळी ऐकू आली.

बारा वाजता फोन वाजला.

"आधी पान नंबर सांग," आर्डिस म्हणाली.

"एकोणनव्वद."

"आता सांग, कुठे आहे तो."

वर्नाने वही पुढे ओढली, दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि लिहिलेलं होतं तसंच वाचून दाखवलं.